पाण्यातला ऑक्सिजन पहाटे मोजावा

सांगलीच्या खाली, हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमापुढं किंवा अंकलीच्या पुलाजवळ कृष्णेत मेलेले मासे तरंगायला लागले की काठावर पहिली चर्चा होते ती विषाची. कुणीतरी नदीत काहीतरी सोडलं, असं लोक म्हणतात. सोडलेलं असतंही. पण मासे मरतात ते पुष्कळदा विषबाधेनं नव्हे, तर गुदमरून. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपलेला असतो. अशा वेळी मरळ आणि मांगूर बऱ्याचदा तग धरतात, कारण हे मासे पाण्याबाहेर तोंड काढून थेट हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतात. कटला, रोहू यांना ती सोय नाही. त्यामुळे कोणते मासे मेले आणि कोणते वाचले, यावरूनही बरंच कळतं.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन असतो, पण तो माशाच्या कामाचा नाही. त्याला लागतो हवेतून किंवा पाणवनस्पतींकडून येऊन पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, आणि तो फार थोडा असतो. सांगलीत उन्हाळ्यात एक लिटर हवेत सुमारे २५० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तेवढ्याच पाण्यात, पाणी अगदी स्वच्छ असलं तरी, जेमतेम ७ मिलिग्रॅम मावतो. पाणी तापलं की ही मर्यादा आणखी खाली येते. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ९.१ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना ७.६. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे हवेचा दाब कमी, म्हणून या आकड्यांतून आणखी सहा टक्के वजा करायचे. एप्रिल-मेमध्ये नदीची शिल्लक मुळातच तुटपुंजी असते, आणि त्याच दिवसांत बंधाऱ्यांमागं पाणी तुंबलेलं असतं. वाहत्या, खळाळत्या पाण्यात हवा सतत मिसळते, तुंबलेल्यात मिसळत नाही.

या शिल्लकीवर हात मारणारे असतात जिवाणू. सांगलीच्या शेरी नाल्यातून येणारं मैलापाणी असो की मळीमिश्रित सांडपाणी, त्यातला सेंद्रिय माल जिवाणूंचं खाणं असतं आणि ते खाताना ते ऑक्सिजन वापरतात. किती वापरतील याचं माप म्हणजे बीओडी. नमुना अंधारात २७ अंशांना तीन दिवस ठेवायचा आणि आधीच्या व नंतरच्या ऑक्सिजनमधला फरक काढायचा. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या काळ्या द्रवाचा, म्हणजे स्पेंट वॉशचा, बीओडी लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्याही वर असू शकतो. हिशेब करून पाहा. असा प्रक्रिया न केलेला एक लिटर द्रव साडेपाच हजार लिटरहून जास्त नदीपाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतो. एखादा टँकर रात्री ओढ्यात मोकळा झाला तर काय होतं, ते यावरून समजेल.

मात्र हे सगळं नाल्याच्या तोंडाशी लगेच घडत नाही, आणि तपासणीत इथंच फसगत होते. घाण मिसळते त्या जागी ऑक्सिजन अजून बऱ्यापैकी असतो. जिवाणू कामाला लागतात तसतसा तो घटत जातो, नदी खाली वाहत राहते, आणि सर्वात वाईट ठिकाण काही अंतर पुढं येतं. त्यानंतर हवेतून भरपाई होत हळूहळू पाणी सावरतं. अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासावरून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली याचं गणित मांडलं. म्हणून घाण सांगलीत मिसळली तरी मासे हरिपूर-अंकलीला मरू शकतात.

दुसरी फसगत घड्याळाची. पाणी हिरवं असेल, शेवाळ माजलं असेल, तर दिवसा ते शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं. दुपारी मोजलं तर आकडा चक्क मर्यादेपेक्षाही जास्त येतो. सूर्य मावळला की निर्मिती थांबते, श्वसन मात्र सगळ्यांचंच चालू राहतं, शेवाळाचंसुद्धा. रात्रभर शिल्लक घटत जाते आणि उजाडायच्या जरा आधी ती सर्वात कमी असते. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते याच वेळी. मासे मेल्याची बातमी सकाळी पसरते, नमुना घ्यायला माणूस पोहोचतो दुपारी, आणि अहवालात ऑक्सिजन ठीक दिसू शकतो. आकडा खरा असतो, पण पहाटेच्या चार वाजताबद्दल तो काहीच सांगत नाही. वेळ, जागा, खोली आणि पाण्याचं तापमान लिहिलेलं नसेल तर अशा आकड्याला मी पुरावा मानणार नाही.

मोजायची जुनी आणि अजूनही भरवशाची रीत १८८८ सालची आहे, बुडापेस्टच्या लायोश विंकलर या तरुण रसायनशास्त्रज्ञाची. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली तिरकी धरून सावकाश भरायची आणि तिथंच बूच लावायचं. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण बुडबुड्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरला तर आकडा फुगतो. मग पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली नेऊन मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड एकेक मिलिलिटर सोडायचं, पुन्हा बूच लावून बाटली खालीवर करायची. इथंच अर्धं उत्तर डोळ्यांना दिसतं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर साका पांढराच राहतो. साका बसला की सल्फ्युरिक आम्ल घालायचं, तो विरघळतो आणि ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन सुटून पाणी पिवळं-तांबूस होतं. त्यातलं २०० मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल तीव्रतेच्या सोडियम थायोसल्फेटनं अनुमापन करायचं, म्हणजे ते थोडं थोडं सोडत किती लागतं ते मोजायचं. रंग फिका झाला की स्टार्च टाकायचा, पाणी गडद निळं होतं, आणि थेंब थेंब सोडत गेलं की एका थेंबाला तो निळा रंग जातो. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन एका लिटरमध्ये.

नदीत स्नान करण्याजोग्या पाण्यासाठी आपल्याकडचा निकष आहे लिटरला किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन. आकडा ३ च्या खाली गेला की बहुतेक मासे हैराण होतात.

आता मीटर आले आहेत. त्यातल्या एका प्रकारात निळा प्रकाश पडल्यावर लाल चमकणारा पातळ थर असतो, आणि ऑक्सिजन जितका जास्त तितकी ती चमक मंद होते. रात्रभर दर पंधरा मिनिटांनी नोंद करायची तर मीटरला पर्याय नाही. पण मीटर महाग, त्याला वेळोवेळी ताळ्यावर आणावं लागतं. विंकलरची बाटली आणि रसायनं मात्र कुठल्याही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला परवडतात. पहिली दोन रसायनं काठावरच घातली की ऑक्सिजन साक्यात बांधला जातो, आणि बाटली अंधारात ठेवली तर पुढचं काम काही तासांनी, प्रयोगशाळेत जाऊन करता येतं. भिलवडी, सांगली, अंकली, म्हैसाळ अशा चार ठिकाणी मार्च ते जून, त्यातही पहिल्या वळवानंतर नालेओढे धुऊन येतात त्या दिवसांत, उजाडण्यापूर्वी एकेक बाटली भरायला काठावरच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी पुरेसे आहेत.