कुंपणातला एल्म, रोवळीतलं झाड

फाल्गुन-चैत्रात वावळाखालून चाललं की पायाखाली कागदासारख्या गोल चकत्या चुरचुरतात. मधोमध एक बी, भोवती पातळ पंख. अमेरिकेत डेन्व्हरच्या गल्ल्यांमध्ये वसंत सरताना अशाच, पण आकाराने लहान चकत्या रस्त्याच्या कडेला ढिगाने साचतात. त्या सायबेरियन एल्मच्या, म्हणजे अल्मस प्युमिलाच्या. वावळ आणि हा एल्म एकाच कुळातले, अल्मेसी.

मध्य आणि पूर्व आशियातलं हे झाड अमेरिकेच्या मैदानी राज्यांत 1930 च्या दशकात धुळीची वादळं अडवण्यासाठी रांगारांगांनी लावलं गेलं. तिथून बी उडत राहिलं. आता ते कुंपणाच्या जाळीत, पार्किंगच्या भेगेत, भिंतीच्या पायथ्याशी, कुठेही उगवतं आणि कुणालाच नको असतं. बोन्साय शिकणाऱ्यासाठी यासारखं झाड नाही. महागाचं झाड छाटताना हात धजत नाही, आणि शिकायची असते ती नेमकी धाडसी छाटणी. एल्म ती सोसतो, कारण त्याच्या सालीखाली जागोजागी झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, असतात; शेंडा गेला की ते जागे होतात.

निवड करताना उंची बघूच नये, बुंधा बघावा. जमिनीलगत 2 ते 3 सेंटिमीटर जाडीचं, खालच्या वितीतच एखादं वळण घेतलेलं रोप उत्तम. त्याहून सरस म्हणजे गवत कापायच्या यंत्राखाली दरवर्षी सापडलेलं खोड: वर काही नाही, पण बुंधा फुगलेला आणि त्यातून चार-पाच फुटवे. जागेच्या मालकाची परवानगी मात्र आधी घ्यावी.

खणायची वेळ महत्त्वाची. डोळे फुगायला लागलेत पण पान उघडलेलं नाही, असे दोन-तीन आठवडे गाठायचे; डेन्व्हरकडे साधारण मार्च ते एप्रिलची सुरुवात. याचं कारण लाकडात आहे. एल्मच्या खोडात दर वसंतात रुंद जलवाहिन्यांचं नवं कडं तयार होतं आणि पानांना लागणारं बरंचसं पाणी तेच वाहून नेतं. गेल्या वर्षीच्या रुंद नळ्या थंडीत हवेचे बुडबुडे अडकून बहुतांशी निकामी झालेल्या असतात. पानं उघडण्याआधी पाण्याची मागणी जवळजवळ नसते, आणि खोडात व जाड मुळांत साठवलेला स्टार्च अजून खर्च झालेला नसतो. पानं उघडल्यावर खणलं तर साठा संपलेला आणि मागणी वाढलेली, अशा दोन्ही बाजूंनी झाड अडचणीत येतं.

बुंध्याभोवती 15 ते 20 सेंटिमीटरवर धारदार कुदळीने गोल घ्यावा, मग झाड तिरकं करून करवतीने सोटमूळ कापावं. माती पाण्याने धुऊन टाकावी. जाड मुळं बुंध्यापासून 5 ते 7 सेंटिमीटरवर सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, स्वच्छ कापावीत. चिरडलेलं टोक कुजतं. तंतुमुळं मिळतील तेवढी राखावीत. काम चालू असताना मुळांवर ओलं फडकं हवंच, उघडी तंतुमुळं वाऱ्यावर काही मिनिटांत सुकतात. खोड 8 ते 10 सेंटिमीटरवर कापावं. तयार झाड 20 सेंटिमीटरच्या आत ठेवायचं असेल तर खरा काप याहून खाली येणार असतो, पण कापलेलं टोक बऱ्याचदा दोन-तीन सेंटिमीटर वाळत येतं, म्हणून तेवढं माप हाताशी ठेवायचं.

कापलेल्या मुळांचे तुकडे टाकू नयेत. पेन्सिलीच्या जाडीचा, 8 ते 10 सेंटिमीटर लांबीचा तुकडा, खोडाकडचं टोक वर ठेवून आणि ते सेंटिमीटरभर उघडं राहील असा रोवला की त्यालाही फुटवे येतात. उलटा रोवला तर बहुधा वाया जातो.

पहिली कुंडी म्हणून प्लास्टिकची रोवळी घ्यावी. भोकातून बाहेर डोकावणारं मूळ हवेने टोकाला सुकतं आणि मागे फाटे फोडतं, त्यामुळे मुळं कडेने गोल फिरत बसत नाहीत. मिश्रण दोन भाग प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा परलाइट (भाजून फुगवलेले पांढरे, हलके खनिज कण), एक भाग बारीक केलेली झाडाची साल. 2 ते 5 मिलिमीटरचे कण ठेवून खालची भुकटी फेकून द्यावी. भुकटीने फटी बुजतात, तळाशी पाणी साचतं आणि ताज्या जखमांची मुळं हवेवाचून कुजतात. सर्वांत दुर्लक्षित पायरी म्हणजे झाड रोवळीला तारेने घट्ट बांधणं. खोड हललं की नुकती आलेली मुळं तुटतात, आणि वरून काहीच दिसत नाही.

तीन-चार आठवड्यांत हिरवे फुटवे येतात आणि इथेच बहुतेक झाडं हातची जातात. ही पालवी खोडातल्या साठ्यावर आलेली असते, मुळांवर नव्हे. ती बघून खत घातलं, कडक उन्हात ठेवलं किंवा मुळं धरलीत का म्हणून खोड ओढून पाहिलं, तर जूनमध्ये पानं एकाएकी माना टाकतात. पालवीनंतर दोन-तीन आठवडे अर्धी सावली द्यावी. फुटवे जोमाने लांबायला लागले की मगच सौम्य खत.

कापाच्या कडेला, साल आणि लाकूड यांच्या मधल्या थरातून, एकाच जागी दहा-दहा फुटवे निघतात. सगळे वाढू दिले तर तिथे मुठीसारखी गाठ होते आणि ती पुढे लपत नाही. सेंटिमीटरभर असतानाच बोटाने पुसून दोन-तीन ठेवावेत. ठेवलेले मात्र पहिल्या वर्षी छाटू नयेत. 50-60 सेंटिमीटर गेले तरी जाऊ द्यावेत. खोडाची जखम भरते ती त्या पानांनी केलेल्या अन्नावर.

तार घालायची तर फुटवा हिरवा असतानाच, फांदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या जाडीची ॲल्युमिनियमची. वाकवताना अंगठा बेचक्यात टेकवावा, नाहीतर फांदी तिथूनच उचकटते. उन्हाळ्यात दर आठवड्याला तार तपासावी, ती बघता बघता सालीत रुतते. खरं तर एल्मला तारेपेक्षा कात्री बरी. दक्षिण चीनमधल्या लिंगनान परंपरेत झाड वाढवून छाटायचं, पुन्हा वाढवून छाटायचं, असंच घडवतात. एल्मची पानं एकाआड एक असतात, म्हणून ज्या बाजूला वळण हवं त्या बाजूच्या डोळ्याच्या जरा पुढे कापलं की नवा फुटवा आपसूक तिकडे वळतो. दुसऱ्या वसंताआधी शेंड्याची फांदी दोन डोळ्यांवर आणावी. आतल्या बारीक काड्या सावलीत पडल्या तर सायबेरियन एल्म त्या वाळवून टाकतो. बाहेरची गर्दी विरळ करत राहावी.

हिवाळ्यात झाड घरात, हीटरजवळ आणणं ही चूक परदेशातल्या आपल्या घरांत हमखास होते. त्याला थंडीतली झोप लागतेच. फक्त रोवळीतली मुळं जमिनीतल्या मुळांएवढा गारठा सोसत नाहीत, म्हणून रोवळी जमिनीत पुरून वर पालापाचोळा टाकावा.

महाराष्ट्रात हाच सराव वावळावर करता येतो. पावसाचा जम बसल्यावर पेन्सिलीएवढी रोपं काढावीत, निम्मी पानं उतरवावीत. प्युमिसऐवजी चाळलेला वीटचुरा चालतो. वावळाचं पान मात्र 8 ते 13 सेंटिमीटरचं, तर सायबेरियन एल्मचं 2 ते 7. वारंवार छाटून ते काहीसं लहान होतं, पण तळहातावर मावेल असं झाड वावळातून काढू नये. त्याला 40 सेंटिमीटर तरी उंची द्यावी, आणि पौष-माघात पानं झडून फांद्यांची जाळी उघडी पडते तेव्हाच त्याची छाटणी ठरवावी.