कोकणातले कागदी शेअर आणि डीलिस्टिंगची 90 टक्क्यांची अट : पार्श्वभूमी

गुहागर, देवगड, मालवणच्या जुन्या घरांत ट्रंकेतून अजूनही कागदी शेअर निघतात. त्यांतले बरेच 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्यानंतरचे. परदेशी कंपन्यांना तेव्हा इथला हिस्सा साधारण 40 टक्क्यांवर आणावा लागला. विक्रीचा भाव सरकारी नियंत्रक ठरवी आणि तो कमीच असे. मुंबईतल्या चाकरमान्यांनी पाच-पंचवीस शेअर घेतले. नोंदवलेला पत्ता चाळीतला, प्रमाणपत्र मात्र गावी.

1992 मध्ये भावनियंत्रण उठलं आणि वारं फिरलं. मूळ मालक हिस्सा वाढवू लागले, काहींनी कंपनी शेअर बाजारातूनच काढून घेतली, म्हणजे डीलिस्ट केली. छोट्यांना कवडीमोल भाव मिळू नये म्हणून 2003 मध्ये रिव्हर्स बुक बिल्डिंग आलं. यात भागधारक आपापला भाव सांगतात. खालून वर मोजत ज्या बोलीला प्रवर्तकांचा, म्हणजे मूळ मालकांचा, हिस्सा 90 टक्क्यांना पोचतो, तोच भाव सगळ्यांना. म्हणजे शेवटी लागणारा विक्रेता भाव ठरवतो, आणि छोट्या भागधारकाचं सगळं बळ याच अटीत आहे.

खरा वाद बाजार नियामक सेबीच्या 2021 च्या डीलिस्टिंग नियमावलीचा. आधी 90 टक्के मोजताना विदेशी डिपॉझिटरी पावत्यांपोटी (परदेशात शेअरऐवजी विकल्या जाणाऱ्या पावत्यांपोटी) ठेवलेले शेअर तेवढे वगळत. 2021 पासून कर्मचाऱ्यांना शेअर देण्याच्या योजनेच्या ट्रस्टचे आणि ‘निष्क्रिय’ भागधारकांचेही वगळले जातात. सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत (आयईपीएफ) गेलेले शेअर या निष्क्रियांतच मोडतात.

हिशेब करून पाहा. शंभर शेअर, प्रवर्तकांकडे 75, निधीत 2. पूर्वी आणखी 15 शेअर लागत. आता 98 च्या 90 टक्के म्हणजे 88.2, म्हणून 13.2 पुरतात. सर्वांत चढ्या बोलीचे जवळजवळ दोन शेअर हिशेबातून गळतात आणि भाव खालच्या बोलीवर ठरू शकतो. कंपन्यांचं म्हणणं असं की जे शेअर विकायला कुणी येणारच नाही, त्यांच्यापायी अट अशक्य का करायची? म्हणणं अगदीच पोकळ नाही. पण कंपनी डीलिस्ट होत असेल तर निधीच्या प्राधिकरणाने भागधारकाच्या वतीने शेअर द्यावेत, अशी तरतूद 2016 च्या निधी नियमांतच आहे. मग ते ‘येणारच नाहीत’ असं कसं धरलं, याचं समाधानकारक उत्तर मिळत नाही.

हे शेअर निधीत जातात कसे? लाभांश सलग सात वर्षं उचलला गेला नाही की लाभांशाबरोबर शेअरही जातो. चाळ पुनर्विकासात पडली, टपाल परत गेलं, मूळ धारक वारला, की सात वर्षं सहज सरतात. निधीतल्या शेअरचा मतदानाचा हक्कही गोठतो. डीलिस्टिंगच्या ठरावाला सार्वजनिक भागधारकांची बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान दुप्पट लागतात, पण मोजली जातात ती पडलेली मतंच. संबंधित पक्षांशी, म्हणजे प्रवर्तक, त्यांच्या कंपन्या वगैरेंशी, होणाऱ्या मोठ्या व्यवहारांच्या ठरावांतही पडलेली मतंच मोजतात. ते बहुधा वार्षिक सभेत येतात, सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकायची असते आणि सभेआधीचं ई-मतदान आदल्या दिवशी संध्याकाळी 5 ला बंद होतं. नेमकं गणपतीच्या धामधुमीत.

एप्रिल 2019 पासून कागदी शेअरची विक्री बंद आहे, वारसाच्या नावावर मात्र ते होतात. आधी केवायसीसाठी आयएसआर-1 हा अर्ज आणि बँकेने सही साक्षांकित केलेला आयएसआर-2, मग वारस नोंदीसाठी आयएसआर-5. 2022 मध्ये कागदी शेअरसाठी प्रति कंपनी 5 लाखांपर्यंत वारसा प्रमाणपत्राऐवजी प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र चालेल असं ठरलं. अडतं ते नावावर: प्रमाणपत्रावर गावाचं आडनाव, पॅनवर मूळ आडनाव, लग्नाआधीचं नाव एकीकडे, नंतरचं दुसरीकडे. 2022 मध्ये आलेल्या पद्धतीत मंजुरीनंतर हाती येई ते पुष्टीपत्र, आणि 120 दिवसांत ते देऊन शेअर डीमॅट (इलेक्ट्रॉनिक) खात्यात घेण्याची विनंती करावी लागे. ते कपाटात ठेवून दिलं तर पुन्हा पायपीट होई.

शेअर निधीत गेलेला असेल तर कंपनीकडून हक्कपत्र घेऊन आयईपीएफ-5 हा दाव्याचा अर्ज भरायचा. मधल्या काळात कंपनी डीलिस्ट झाली आणि प्राधिकरणाने शेअर देऊन टाकले, तर वारसाच्या वाट्याला शेअर येत नाही, इतरांच्या बोलीने ठरलेली रक्कम येते.