थोडे बेसूर, म्हणूनच भरगच्च

डिसेंबर १९७३. ब्रिटनमध्ये तेल महागलेलं, कोळशाच्या खाणीतले कामगार ओव्हरटाइम करायला तयार नाहीत, आणि पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी नव्या वर्षापासून बहुतेक कारखान्यांना आठवड्याला तीनच दिवस वीज मिळेल असं जाहीर केलेलं. अशा मरगळीत चमचमते कपडे आणि उंच टाचांचे बूट घालणाऱ्या ग्लॅम रॉकवाल्यांची दोन गाणी रेडिओवर दणाणत होती. स्लेड या बँडचं ‘मेरी ख्रिसमस एव्हरीबडी’ ब्रिटनच्या रेकॉर्डविक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, तर विझार्ड या बँडचं ‘आय विश इट कुड बी ख्रिसमस एव्हरीडे’ चौथ्या. आजही नाताळच्या प्लेलिस्टमध्ये ही दोन घातली की खोलीत माणसं वाढल्यासारखी वाटतात. या भासामागे चोख ध्वनिशास्त्र आहे.

स्लेडचं गाणं न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत ऐन उन्हाळ्यात ध्वनिमुद्रित झालं. स्टुडिओच्या भिंती मुद्दाम आवाज गिळणाऱ्या असतात आणि यांना ध्रुवपदाला हवा होता घुमारा. मग मंडळी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये जाऊन गायली. उकाड्यात नाताळचं गाणं ओरडणारी ही टोळी बघून येणाजाणाऱ्यांना काय वाटलं असेल, ते सांगायला नको! टणक भिंत आवाजाचे जेमतेम दोन-चार टक्के शोषते, बाकीचा परत फेकते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. परतलेला आवाज मूळ आवाजामागून सुमारे ५० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे १७ मीटरपर्यंतचं जादा अंतर कापून आला, तर कान त्याला वेगळा प्रतिध्वनी मानत नाही. दोन्ही मिसळतात आणि आवाज भरदार होतो.

पण घुमारा म्हणजे गर्दी नव्हे. एकाच आवाजाच्या दहा हुबेहूब प्रती एकदम वाजवल्या, तर पातळी २० डेसिबलनं वाढते, तरी ऐकू येतो एकच माणूस. दहा वेगळी माणसं गायली, तर वाढ होते साधारण १० डेसिबलच, पण समुदाय लगेच ओळखू येतो. कारण कुणीच नेमका तोच सूर लावत नाही. एकाचा सूर ४४० हर्ट्झ आणि शेजाऱ्याचा ४४३ असेल, तर आवाज सेकंदाला तीनदा मोठा-लहान होतो. शाळेत शिकलेले विस्पंद ते हेच. गायक वाढले की असे असंख्य विस्पंद एकमेकांत गुंततात आणि सूर झुळझुळायला लागतो. सोसायटीच्या गणपतीत आरतीला जो रंग चढतो, तो याच गणितानं. तिथे सगळे पट्टीचे गायक असते, तर मजा निम्मी झाली असती.

विझार्डच्या रॉय वूडनं हे पुरतं ओळखलं होतं. त्यानं बर्मिंगहॅमच्या एका शाळेतली मुलं कोरसला घेतली. मुलांच्या स्वरतंतूंची लांबी कमी, त्यामुळे पट्टी उंच. मोठ्यांच्या आवाजाखाली ती दबत नाहीत. त्याच्या बँडमध्ये ड्रमवादकही दोन. दोघांचे ठोके काही मिलिसेकंदांनी मागेपुढे पडले, तर कानाला एकच ठोका ऐकू येतो, पण जाडजूड. वर खुळखुळणाऱ्या घंटांची वारंवारता इतकी उंच, की ज्या छोट्या ट्रान्झिस्टरवर खर्ज उमटतच नाही, तिथेही त्या स्पष्ट पोचतात.

स्लेडच्या गाण्याची सुरुवात होते ती मात्र हार्मोनियमनं. आपल्या संगीत नाटकांतल्या पेटीसारखाच तिचाही आवाज हवेनं थरथरणाऱ्या पितळी पट्ट्यांचा. हवेचा दाब बदलला तरी पट्टीचा सूर फारसा हलत नाही, म्हणून पुढच्या गलक्याआधी कानाला एक पक्का आधार मिळतो.

प्लेलिस्ट लावताना ही दोन गाणी लागोपाठ ठेवावीत. १९७४ चं मड या बँडचं ‘लोनली धिस ख्रिसमस’ बरंच नंतर. तेही पहिल्या क्रमांकावर गेलं होतं आणि तेही ग्लॅमवाल्यांचंच, पण एकट्या माणसाचं संथ रडगाणं आहे. पाहुणे निघायची चिन्हं दिसेनात, तेव्हा लावून बघा.