वाफेचं इंजिन पाटीवरून काढू नका

गोव्यातल्या वास्को–कुळें रेल्वेमार्गाचं छोटं मॉडेल करताना हमखास सल्ला मिळतो: डिझेलचा काळ दाखवायचाय? मग रेल्वे फाटकाची सूचना देणाऱ्या रस्त्यावरच्या पाटीवरचं वाफेचं इंजिन काढा. चूक. तांबड्या काठाच्या त्रिकोणातलं इंजिन म्हणजे बिनराखणदाराचं फाटक. राखणदार असेल तर त्यात गेटचं चित्र. काळाचा संबंधच नाही. उलट जानेवारी 2019नंतर ब्रॉडगेजवर बिनराखणदाराची फाटकं उरली नाहीत, तेव्हा आजच्या मांडणीत इंजिनाची पाटीच खटकते. 900 मिमीचा त्रिकोण 1:87मध्ये, म्हणजे खऱ्याच्या 87व्या भागाच्या मापात, जेमतेम 10 मिमी. तांबडी कड जाड झाली की चित्र बुजतं. फाटक किती दूर ते पाटीवरच्या पट्ट्या सांगतात: दोन पट्ट्यांची पाटी फाटकाआधी 200 मीटरवर, म्हणजे मॉडेलात 2.3 मीटर! अंतर खुशाल आखडा, पण एका पट्टीची फाटकाजवळच हवी. 1961पूर्वीच्या पोर्तुगीज अमलासाठी मात्र त्या काळचे फोटोच बघा.