पोझिंग रुटीनला गुण द्यायचे कशाचे?

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १४ सप्टेंबर १९०१ रोजी शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोनं शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. शिल्पकार चार्ल्स लॉज आणि लेखक आर्थर कॉनन डॉइल हे परीक्षक होते, त्यांच्या जोडीला स्वतः सँडो. शरीराचा एकूण विकास, अवयवांमधला समतोल, स्नायूंचा कस, आरोग्य आणि त्वचेची स्थिती हे निकष ठरले होते. त्यांत पोझिंग, म्हणजे स्नायू उठून दिसतील अशा ढंगात उभं राहणं, नव्हतं. सँडोचं नाव मात्र पोझिंगनंच झालेलं. जुन्या ग्रीक-रोमन पुतळ्यांसारखा तो स्थिर उभा राहायचा आणि ते पाहायला लोक तिकीट काढून यायचे. पोझ देणं ज्यानं रंगमंचावर नेलं, त्याच्याच स्पर्धेत त्याला गुण नव्हते. पोझिंगला निकालात गुण द्यावेत का आणि कशाचे, हा आजचा वाद इतका जुना आहे.

पुढच्या पिढीत जॉन ग्रिमेक आला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधला हा वेटलिफ्टर १९४० आणि १९४१ मध्ये मिस्टर अमेरिका झाला. १९४८ मध्ये लंडनला मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत त्यानं स्टीव्ह रीव्ह्जला हरवलं. रीव्ह्जची ठेवण आजही देखणेपणाचं माप मानली जाते. ग्रिमेकचं शरीर मात्र हलताना बोलायचं. एका पोझमधून दुसरीत जाताना ताण सुटायचा नाही आणि शरीराची लवचिकताही दिसायची. पोझिंग ही शरीरावरच्या ताब्याची परीक्षा आहे, हे त्याच्याकडे पाहून पटतं.

मग अनिवार्य पोझ पक्क्या होत गेल्या: डबल बायसेप्स (दोन्ही दंड फुगवणं), लॅट स्प्रेड (पाठ पसरवणं), साइड चेस्ट (बाजूनं छाती), साइड ट्रायसेप्स (बाजूनं दंडाचा मागचा भाग), पोट आणि मांड्या. त्यांची गरज खरी होती. दहाजण एकाच पोझमध्ये शेजारी उभे राहिले की कुणाची पाठ उथळ आहे, कुणाच्या पोटऱ्या मागे पडल्यात, हे लपत नाही. रुटीनमध्ये, म्हणजे खेळाडूनं स्वतः रचलेल्या पोझच्या सलग मालिकेत, नेमकं उलटं घडतं. तिथं काय दाखवायचं आणि काय झाकायचं, हे खेळाडू ठरवतो. माझ्या मते सगळा घोळ हा फरक नीट न ओळखल्यामुळे झाला.

१९६५ मध्ये मिस्टर ऑलिंपिया ही व्यावसायिक शरीरसौष्ठवातली सर्वोच्च स्पर्धा सुरू झाली. पुढे गुणांकन फेऱ्यांमध्ये विभागलं गेलं: सैल उभं राहून प्रमाणबद्धता, मग अनिवार्य पोझ, मग संगीतावरचं मुक्त रुटीन आणि शेवटी पोझडाउन, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी मनाजोगत्या पोझ देणं. कागदावर रुटीनला स्वतःची जागा होती. पण परीक्षक गुण नव्हे, क्रमांक देतात, आणि आधीच्या दोन फेऱ्यांत पहिला ठरवलेला माणूस त्यांच्या मनात तिसऱ्या फेरीतही पहिलाच राहायचा. त्याच शरीराला तिसऱ्यांदा तोच क्रमांक मिळत असेल, तर फेरी वेगळी ठेवून काय साधलं?

एड कॉर्नी, फ्रँक झेन, क्रिस डिकरसन या शरीरसौष्ठवपटूंनी पोझिंग कुठवर नेता येतं ते दाखवून दिलं होतं. झेन १९७७ ते १९७९ अशी सलग तीन वर्षं ऑलिंपिया जिंकला. पोट आत खेचून धरलेली त्याची व्हॅक्यूम पोझ आजही उदाहरण म्हणून दाखवतात. १९९२ पासून डोरियन येट्सचं राज्य आलं, आकारमान आणि कोरडेपणा (त्वचेखाली चरबी-पाणी न उरणं) यांना सर्वाधिक वजन मिळालं आणि रुटीन करमणुकीकडे सरकत गेलं. काई ग्रीन या खेळाडूनं त्यात पुन्हा जीव ओतला. तो २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं ऑलिंपियात दुसरा आला. अर्नोल्ड क्लासिक या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेत उत्कृष्ट पोझिंगला वेगळं बक्षीस देतात. ते चांगलंच आहे, पण त्यामुळे मुख्य निकालात पोझिंगचं वजन वाढत नाही.

रुटीन मोजता येत नाही, हा आक्षेप मला मान्य नाही. १९९५ पासून ऑलिंपियात असलेल्या महिलांच्या फिटनेस गटात रुटीनची फेरी वेगळी असते आणि तिचे गुण निकालात धरले जातात.

मोजायचं काय, तेही सांगता येतं. एका पोझमधून दुसरीत जाताना शरीर सैल पडतं का? पोझ पुरती लागते, की लागण्याआधीच सोडली जाते? निवडलेल्या पोझ त्या शरीराला शोभतात का? श्वास आणि पोट ताब्यात आहे का? २०१५ मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगरनं खेळाडूंच्या सुटलेल्या पोटांवर जाहीर टीका केली होती. ते पोट अनिवार्य पोझमध्ये काही सेकंद आवळून धरता येतं, सलग रुटीनमध्ये ते बाहेर येतंच. नाच, वेशभूषा, टाळ्या यांना मात्र गुण नकोत.

शरीराचे गुण रुटीनमध्ये पुन्हा मोजू नयेत. फेरीसाठी परीक्षकांचा वेगळा संच असावा, त्यांच्यासमोर आधीचे क्रमांक नसावेत, आणि फेरीचं वजन इतकं असावं की तुल्यबळ दोघांमधला निकाल ती फिरवू शकेल, पण कच्च्या शरीराला वर चढवू शकणार नाही.