जाड पडदा घेतला तरी खोली का तापते?

उन्हाळा आला की पुण्यात पडद्यांच्या दुकानात एकच मागणी, "जाडातला जाड ब्लॅकआउट दाखवा." जाड कापड गरमी अडवतं हा हिशोब बर्फाच्या देशात ठीक आहे, वाकडमधल्या पश्चिमेच्या बेडरूमला तो फारसा उपयोगाचा नाही.

आकडेच बघा ना. चार बाय चार फुटांची स्लायडिंग खिडकी, साधी सिंगल काच. बाहेर ३८ अंश आणि आत २८ असेल तर नुसत्या तापमानाच्या फरकाने काचेतून साधारण ८५ वॉट आत येतात. पण मे महिन्यात संध्याकाळी ५ ला थेट ऊन पडलं की त्याच काचेतून ७०० वॉटच्या आसपास येतात, म्हणजे खोलीत इस्त्री चालू ठेवल्यासारखंच! जाडी त्या ८५ वर काम करते. ७०० अडवायला पडद्याचा रंग बघायचा, आणि तो काचेच्या आत आहे की बाहेर ते बघायचं.

सज्जा आहे की वर, असं बिल्डर म्हणतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास मेच्या मध्यात सूर्य पुण्याच्या अगदी डोक्यावर असतो तेव्हा सज्जा मस्त काम करतो, पण ५ वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर, त्यामुळे दोन फुटी सज्ज्याची सावली खिडकीवर फूटभरच उतरते, बाकी सगळं ऊन सरळ आत.

आता गंमत. ऊन काचेतून आरामात येतं, पण गडद पडदा ते पिऊन तापला की स्वतः जी उष्णता सोडतो ती लांब तरंगांची इन्फ्रारेड असते आणि काच तिला बाहेर जाऊ देत नाही. पडदा आणि काचेच्या मधे हात घालून बघा, भाजकं वारं लागतं, आणि तेच वरून पेल्मेटच्या (पडद्याचा दांडा झाकणाऱ्या पट्टीच्या) फटीतून खोलीत पसरतं. पांढरं अस्तर असलं तर बरंचसं ऊन तापायच्या आधीच उलटं बाहेर जातं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांप्रमाणे पांढऱ्या प्लॅस्टिक अस्तराचे पडदे उन्हाची गरमी ३३ टक्के कमी करतात, आणि पश्चिमेला बाहेरून कापडी छत लावलं तर ७७ टक्क्यांपर्यंत!

म्हणून आजीच्या काळातली बांबूची चिक महागड्या रोलर ब्लाइंडपेक्षा सरस, कारण ती तापते ती बाहेरच. वाळ्याचा पडदा भिजवला तर एप्रिलच्या कोरड्या हवेत गारवाही देतो, पावसाळ्यात मात्र नुसता दमटपणा.

हनीकोंब ब्लाइंड सध्या फार खपवतायत, त्यात हवेचे कप्पे असतात, ते त्या ८५ वॉटवालं काम छान करतात, पण पुण्यात तेवढ्यासाठी कशाला एवढे पैसे घालायचे.

सोसायटी बाहेर काही लावू देत नसेल तर पांढऱ्या अस्तराचा पडदा घ्या, कडेने फट राहणार नाही असा, आणि ऊन खिडकीत यायच्या आधी, दुपारी १ लाच ओढून घ्या.