जावा की सी शार्प: दोन्ही इतक्या सारख्या कशा झाल्या

नागपुरात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आलेली पोरं एक प्रश्न हमखास विचारतात, जावाचा क्लास लावू की डॉट नेटचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्लॅटफॉर्मचा, ज्याची मुख्य भाषा सी शार्प? कॉलेजचा सिनियर म्हणतो जावा, मिहानमधल्या आयटी कंपनीत लागलेला दादा म्हणतो आमच्या प्रोजेक्टवर सी शार्प आहे, तेच शिक, आणि सीताबर्डीतला क्लासवाला ज्याची बॅच रिकामी आहे ते सांगतो. पण दोन्ही भाषा दिसायला बहिणी-बहिणी का आहेत हे कोणीच सांगून नाही राहिलं, म्हणून जरा मागून सुरू करतो.

१९९१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीत ग्रीन नावाचा प्रोजेक्ट सुरू झाला, घरातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी. जेम्स गॉसलिंगनी त्यासाठी भाषा बनवली, नाव ओक. पुढे नावाच्या ट्रेडमार्कची अडचण आली आणि १९९५ मध्ये ती जावा म्हणून बाहेर आली, तोपर्यंत उपकरणांचं बारगळलं होतं पण वेब आलं होतं, आणि तिथे जावा एकदम चपखल बसली. कारण जावाचा प्रोग्राम थेट मशीनच्या भाषेत जातच नाही, आधी बाईटकोड, म्हणजे मधल्या भाषेतला कोड, होतो आणि तो जेव्हीएम नावाचं सॉफ्टवेअर चालवतं, म्हणजे जिथे जेव्हीएम तिथे तोच प्रोग्राम, विंडोज असो की सनचा स्वतःचा सर्व्हर.

आता ही गोष्ट मायक्रोसॉफ्टला परवडणारी नव्हतीच, सगळं सगळीकडे चालायला लागलं तर विंडोज कोण घेणार? तरी १९९६ मध्ये त्यांनी सनकडून जावाचं लायसन्स घेतलं आणि व्हिज्युअल जे प्लस प्लस हे जावात प्रोग्राम लिहायचं स्वतःचं साधन काढलं. त्याच वर्षी बोर्लंड या सॉफ्टवेअर कंपनीतून अँडर्स हेल्सबर्ग मायक्रोसॉफ्टमध्ये आला, टर्बो पास्कल आणि डेल्फी ही प्रोग्रामिंगची साधनं ज्याच्या हातची तोच. जे प्लस प्लसमध्ये विंडोजला थेट हाक मारायची सोय आली, आणि असा प्रोग्राम मग विंडोजबाहेर चालेना. सननी ऑक्टोबर १९९७ मध्ये केस ठोकली. जानेवारी २००१ मध्ये मिटली, मायक्रोसॉफ्टनी २ कोटी डॉलर दिले. पण त्याच्या आधीच हेल्सबर्गच्या टीमनी नवीन भाषा हाती घेतली होती, आतलं नाव कूल, आणि २००० मध्ये ती सी शार्प म्हणून जाहीर झाली, २००२ मध्ये डॉट नेट फ्रेमवर्कसोबत हातात आली. सनवाले उघड म्हणाले ही जावाची नक्कल आहे. मला ते अर्धंच पटतं, कारण डेल्फीची छाप तिच्यात स्पष्ट दिसते.

खरा फरक पुढे पडला, आणि मला वाटतं शिकणाऱ्यानी जेनेरिक्स, म्हणजे एकच कोड वेगवेगळ्या टाईपच्या डेटासाठी वापरायची सोय, नीट पाहिले तर दोन्हींचा स्वभाव कळतो. जावात ते २००४ मध्ये आले, पण जुना कोड मोडू नये म्हणून कंपायलर, म्हणजे कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम, टाईप तपासतो आणि मग पुसून टाकतो, त्यामुळे आजही साध्या इंटची, म्हणजे पूर्णांकांची, लिस्ट करता येत नाही, त्याचं वस्तूरूप इंटिजर लिहावं लागतं. सी शार्पनी २००५ मध्ये रनटाईमच, म्हणजे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअरच, बदललं, तिथे इंटची लिस्ट म्हणजे खरंच इंटची लिस्ट. तसंच स्ट्रिंगचं. जावात दोन स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचे तुकडे, डबल इक्वलनी (==) तपासल्या तर ती वस्तू एकच आहे का एवढंच बघते, अक्षरं सारखी आहेत का यासाठी इक्वल्स वापरावं लागतं, लॅबमध्ये किती पोरं इथे अडकतात! सी शार्पमध्ये डबल इक्वल अक्षरंच तपासतं. लॅम्डा, म्हणजे नाव न देता जागेवरच लिहिलेली छोटी फंक्शन्स, सी शार्पमध्ये २००७ ला आले, जावात २०१४ ला. म्हणजे जावा सावकाश आणि जुन्याला सांभाळून, सी शार्प चटकन.

आणि ज्या सल्ल्यावर अजून लोक चालून राहिले, की सी शार्प म्हणजे फक्त विंडोज, तो एकेकाळी खरा होता. मोनो या ओपन सोर्स प्रोजेक्टवाल्यांनी ती लिनक्सवर आणायची मेहनत केली, पण मायक्रोसॉफ्टनी स्वतः २०१४ मध्ये डॉट नेट ओपन सोर्स करायचं जाहीर केलं आणि २०१६ मध्ये त्याची नवीन आवृत्ती डॉट नेट कोअर १.० लिनक्स, मॅक दोन्हींवर आलं. तिकडे जावा २००६ पासून ओपन सोर्सच्या वाटेला लागली, २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली, आणि अँड्रॉइडमुळे घराघरात पोहोचली, पण २०१९ पासून गूगल अँड्रॉइडसाठी कोटलिन या दुसऱ्या भाषेला पहिली पसंती देतं. त्यामुळे अ‍ॅप बनवायचं म्हणून जावा, हे कारण आता जुनं झालं.

माझं मत विचाराल तर युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेम करायचे असतील तर सी शार्पच, तिथे वादच नाही. बँका, मोठे बॅकएंड, आणि कॉलेजात आधीच जावा झाली असेल तर तीच पक्की करा, एक नीट आली की दुसरीचा कोड वाचता येतोच. फक्त डॉट नेटचा क्लास लावण्याआधी सरांना विचारा की कोणतं व्हर्जन शिकवणार, कारण डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ ची लाईन तिथेच थांबली आहे आणि फक्त विंडोजवर चालते, तेवढंच शिकवणार असतील तर फी भरू नका.